दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी

लोणी, ता. आंबेगाव
३ ऑक्टोबर १९९६

गेणभाऊंना सावळारामचा रामराम.

घराला कुलूप लावलंत आणि किल्ली गणपती मंडळाच्या त्या गोरखकडे दिलीत. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान तुमच्या दारासमोर, तीस वर्षं तुमचा सकाळचा चहा माझ्या बाकावर, आणि किल्ली गोरखकडे. असो. ती मी त्याच्याकडून मागून घेतली. माझ्या दुकानात खुंटीला आहे. तुळशीला आमची कुशाबाई पाणी घालते. तुमच्या परड्यातले पेरू काल घोडेगावच्या गाडीला कंडक्टरकडे दिले होते, ते शिनोलीत अंजनाला पोचले असतील.

पत्र वाचून दाखवायला तुमची नात बसली असेल. तेजस्विनी बाळ, तू सातवीत आहेस, माझं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचू नकोस. आजोबांना सांग, जळालेल्या मोटारीतल्या तारेसारखं आहे, उलगडायला वेळ लागतो.

भाऊ, तुम्ही लेकीकडे कायमचे का गेलात ते गावाला ठाऊक आहे, मग मी कशाला आडून लिहू. गणपतीत आपल्या मंडळाने बोटीचा हलता देखावा केला. पत्र्याचा हौद, त्यात थर्माकोलची सात फुटी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही इंग्रजांची लढाऊ बोट, आळेफाट्याच्या भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटार, सायकलची चेन. चाळीस वर्षं गाव तुम्हाला ‘बोटीवरचे गेणभाऊ’ म्हणत आलं, म्हणून पहिलं बटण दाबायचा मान तुमचा. शाल दिली, नारळ दिला. तुम्ही बटण दाबलंत. दोरीवरून विमानं आली, बोट डावीकडे कलली आणि दीड मिनिटात पाण्याखाली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही नाही वाजवल्या, ते मी हौदामागून पाहिलं.

मग कॅसेट बोलली, “काही लोक सांगतात की ही बोट रात्री बुडाली आणि तिच्यावर आपल्या गावचा माणूस होता. पण इतिहास सांगतो की ती भर उन्हात, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी बुडाली.”

आणि गोरख मागून म्हणाला, “गेणभाऊ, तुमची बोट तर रातची बुडली व्हती ना राव? ही जेवणाच्या टायमाला गेली की.”

सगळा मांडव हसला. तुम्ही शालीची घडी घातलीत, खुर्चीवर ठेवलीत, वर नारळ ठेवलात आणि निघालात.

ते वाक्य मंडळाच्या पोरांनी घातलं. आवाज मंचरच्या लाउडस्पीकरवाल्याचा. मी मोटार आणि हौद बघत होतो. एवढंच सांगायला हे पत्र. देखाव्याला तालुक्यात पहिला नंबर आला.

तुमचा
सावळाराम

लोणी
१६ जानेवारी १९९७

गेणभाऊ,

तिळगूळ पाठवला आहे, कुशाबाईने केलेला. चिक्कीच्या गुळाचा आहे, तुमच्या दातांनी जपून खा.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी दोन एसट्या बदलून शिनोलीला आलो होतो. तुम्ही ओसरीवर होतात. मला पाहिलंत, विळा उचललात आणि भात कापायला गेलात. पंचाहत्तरी गाठलेला माणूस. मी चहा होईपर्यंत बसलो, परत चहा होईपर्यंत बसलो. अंजना म्हणाली, “काका, बाबा तुमच्यावं चिडल्यालं न्हाईत. चिडलं असतं तर बरं झालं असतं.”

परतीच्या गाडीत मी घोडेगावपर्यंत तेच घोळवत होतो.

भाऊ, ते वाक्य पोरांनी घातलं नव्हतं. मी लिहिलं. लाउडस्पीकरवाल्याला कागदावर उतरवून दिलं आणि समोर बसून तीनदा म्हणवून घेतलं.

का लिहिलं ते सांगतो. तुम्हाला माहीत आहे, माझी शाळा चौथीला सुटली. इंग्रजी शिकलो ते इंदरचंद शेठच्या दुकानातल्या रद्दीवर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. त्या रद्दीत एकदा लढाईवरच्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा आला. शेठ म्हणाले, “सावळाराम, ह्याच्यात पुड्या बांधायला मन व्हईना, तूच ने.” दोन पावसाळे मी ती मासिकं वाचत होतो. त्यात तुमची बोट सापडली. १० डिसेंबर १९४१, मलायाचा समुद्र. सोबत ‘रिपल्स’ नावाची दुसरी. वर संरक्षणाला आपलं एक विमान नाही, आणि जपान्यांची विमानं लाटेमागून लाट यावी तशी येत राहिली. रिपल्स साडेबाराला गेली. प्रिन्स ऑफ वेल्स एक वाजून वीस मिनिटांनी. ऊन होतं, समुद्र शांत होता. आठशेच्या वर माणसं गेली. सगळं मिनिटांनिशी लिहिलेलं आहे.

आणि तुम्ही चाळीस वर्षं म्हणत आलात, रात्र व्हती.

मी खोटं काय लिहिलं? शाळेत पहिल्यांदा हेडमास्तरांनी ‘बुडत्या युद्धनौकेवरून वाचलेले वीर’ म्हणून तुमची ओळख करून दिली, तेव्हा तुम्ही ‘नाही’ म्हणाला नाहीत. दर सव्वीस जानेवारीला ते तसंच म्हटलं गेलं. मी देखावा करणारा माणूस. दिव्याला निळा कागद लावायचा की पिवळा, एवढ्यासाठी मला वेळ नक्की पाहिजे होती. मी पिवळा लावला.

तेजू, हे आजोबांना सगळं वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

सावळाराम

लोणी
२२ जून १९९८

गेणभाऊंना रामराम.

पाऊस वेळेवर आला. तुमच्या घराची दोन कौलं मी बदलली.

एक बातमी आहे. गेल्या वर्षी मी इंग्लंडला एक पत्र घातलं होतं. त्या दोन बोटींवरून वाचलेल्या खलाशांची तिकडे संघटना आहे, पत्ता मासिकात होता. मी विचारलं, गेणू नावाचा कोणी हिंदी माणूस बोटीवर होता का. काल उत्तर आलं. टाइप केलेलं, सहीनिशी. त्यांनी दोन्ही बोटींच्या याद्या पाहिल्या. असं नाव कुठेच नाही.

हे तुम्हाला कळवणं मला भाग वाटलं. खरं ते खरं. मी ते गावात कुणाला दाखवलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात यावं. तुम्ही नुसतं एवढं कबूल करा की होय, मी बोटीवर नव्हतो, मग मी मंडळापुढे उभा राहून म्हणेन, झालं गेलं, म्हाताऱ्या माणसाला घरी आणू या. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपतो.

उत्तराची वाट पाहतो.

सावळाराम

लोणी
१० डिसेंबर १९९९

गेणभाऊ,

दीड वर्ष मी लिहिलं नाही. मागचं पत्र पेटीत टाकलं आणि हात रिकामा झाल्याबरोबर वाटलं, आत हात घालून परत काढावं. कुशाबाईने विचारलं काय लिहिलंत. मी सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती, मागे वळून न बघता म्हणाली, “अवो, तुमाला बोट बुडवायची व्हती का गेणभाऊला?”

त्यानंतर दोन दिवस तिने माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः गोठ्यात जाऊन बसली.

तर आज सांगून टाकतो. आज बोट बुडाल्याची तीच तारीख आहे.

गोरख त्या संध्याकाळी आपल्या मनाने नाही बोलला. आदल्या दिवशी तो बॅटरीची वायर जोडत होता, तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, बघ, गेणभाऊ रात्र म्हणतात आणि पुस्तकात दुपार आहे, गंमत आहे की नाही. त्याची जीभ कशी आहे ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी वात पुढे केली, काडी त्याने ओढली. तो मात्र तुम्ही गेल्यापासून तुमच्या दारावरून जाताना खाली बघतो. मी तेवढंही करत नव्हतो.

भाऊ, मी तुमच्यावर जळत होतो. ह्या गावातली एकूणएक मोटार माझ्या हातून गेली. विहिरीत उतरून, छातीपर्यंत पाण्यात उभा राहून मी पंप जोडले. पण दुकानापुढे चार माणसं जमली की बोट तुमची निघायची. तुम्ही दहा शब्द बोलायचात. रात्र व्हती. काळं त्याल व्हतं. माणसं हाताला धरून काढली. एवढंच, आणि पुढे गप्प. आणि त्या गप्प बसण्यावर लोक माना हलवायचे. मी मासिकं वाचून तासभर सांगितलं तरी पोरं उठून जायची. मला वाटायचं, ह्या माणसाला काही माहीत नाही म्हणून हा गप्प आहे.

एक कप चहाचं काम होतं. देखाव्याच्या आधी तुम्हाला बाकावर बसवून विचारलं असतं, भाऊ, पुस्तकात दुपार लिहिली आहे, तुम्ही रात्र कशी म्हणता? एवढं विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी सांगितलं असतं, आणि मला ते नको होतं.

बोट अजून आहे. दर गणपतीला कुठल्यातरी गावाचं मंडळ ती मागायला येतं. गेल्या वर्षी आळेफाट्याला गेली, यंदा जुन्नरकडे. रोज संध्याकाळी सात ते दहा, दर दहा मिनिटांनी बुडते. वर आली की पोरं ओरडतात, परत बुडवा. मी मागे चेनला वंगण लावत बसतो. मासिकात किती बोटींची नावं आहेत, ज्या लढाई संपेपर्यंत गुमान चालल्या आणि नंतर भंगारात गेल्या, त्यांचा फोटोसुद्धा धड छापलेला नसतो. आणि बुडाल्या त्यांची पानंच्या पानं. जर्मनांची बिस्मार्क, जपान्यांची यामातो, इंग्रजांची हूड. हूड तर तीन मिनिटांत गेली, चौदाशे माणसांतली तीन वाचली. त्या तिघांबद्दल मासिकात दोन ओळी आहेत आणि बोटीच्या तोफांबद्दल चार पानं. पूर्वी मी ती चार पानं वाचायचो.

उत्तर मागत नाही.

सावळाराम

लोणी
१९ जुलै २००१

गेणभाऊ,

हे पत्र तेजूने दोनदा वाचावं. ती आता बारावीला आहे, तिला नीट वाचता येईल. आणि मी खाली जे उतरवलं आहे ते माझ्या डिक्शनरीच्या मराठीत आहे, तेव्हा कुठे अडलं तर दोष माझा.

इंग्लंडच्या त्या संघटनेने माझी चौकशी त्यांच्या छापील पत्रकात टाकली होती. मला माहीत नव्हतं. ते पत्रक एका माणसाच्या हाती यंदा पडलं. हॅरल्ड त्याचं नाव. प्रिन्स ऑफ वेल्सवर होता, तेव्हा एकोणीस वर्षांचा, आज एकोणऐंशी. त्याने हाताने लिहिलं आहे, अक्षर थरथरतं. परवा आलं. तो म्हणतो:

“आपण विचारलेला माणूस आमच्या बोटीवर नव्हता, हे त्यांनी आपल्याला बरोबर कळवलं. पण प्रश्न तिथे संपू नये असं मला वाटतं. आम्ही दुपारी बुडालो. समुद्रावर बोटीचं जळण-तेल पसरलं होतं, डांबरासारखं जाड. त्यातून आम्हाला लहान बोटींनी वर ओढलं आणि सिंगापूरच्या धक्क्याला आणलं. पोचलो तेव्हा रात्र झाली होती. माझे डोळे तेलाने चिकटले होते. मी आंधळा झालो असं मला वाटलं आणि मी आईला हाका मारत होतो, हे लिहायला आता लाज वाटत नाही. धक्क्यावर हिंदी लष्कराच्या इस्पितळाची माणसं होती. कुणीतरी माझ्या तोंडावर पाणी ओतायला आलं. एका हिंदी शिपायाने ते पाणी बाजूला सारलं. त्याने फडकं स्वयंपाकाच्या तेलात बुडवलं आणि माझे डोळे पुसले, नाकाकडून कानाकडे, पुन्हा नाकाकडून कानाकडे, फार हळू. मला पहिल्यांदा दिसलं ते त्याचं मनगट. तोंड दिसलं नाही, अंधार होता. तो पुढच्या माणसाकडे गेला. दोन महिन्यांनी सिंगापूर पडलं आणि ती सगळी माणसं कैदेत गेली असं मी नंतर ऐकलं. साठ वर्षं लोक मला विचारतात, ती बोट कशी बुडाली. तो शिपाई कोण होता, हे विचारणारं मला कुणी भेटलं नाही. आपण ज्याच्याबद्दल विचारता तो धक्क्यावर होता का?”

भाऊ, मी हे डिक्शनरी घेऊन लावत होतो. ‘नाकाकडून कानाकडे’ लावून झालं आणि पेन्सिल ठेवली.

बासष्ट सालची गोष्ट. गेणू-सावळाच्या इंजिनाची, असं लोक म्हणायचे ती. तुमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन मी खोललं होतं, आणि जळकं ऑइल फिसकन माझ्या दोन्ही डोळ्यांत उडालं. मी ओरडत पाण्याच्या थारोळ्याकडे धावलो. तुम्ही माझं मनगट धरलंत ते आजही दुखतं.

“पानी नगं. पान्यानं आत बसतं. कुशे, त्याल आन गं.”

कुशाबाईने गोडेतेल आणलं आणि तुम्ही धोतराचा सोगा त्यात बुडवून माझे डोळे पुसलेत. नाकाकडून कानाकडे. गाडीचं वंगण हाताला लागलं की आपण तेलच लावतो, पण डोळ्याला लावायचं कुणाला सुचतं? मी म्हणालो, भाऊ, हे कुठं शिकलात? तुम्ही म्हणालात, “लई डोळं पुसल्यात म्या.”

आणि मी विचारलं नाही, कुणाचे.

आता मी आठवून आठवून पाहतो. मी बोटीवर होतो, असं तुमच्या तोंडून एकदाही सापडत नाही. रात्र व्हती, काळं त्याल व्हतं, माणसं हाताला धरून काढली. सगळं खरं, अक्षर न् अक्षर. बोटीवर तुम्हाला चढवलं आम्ही. हेडमास्तरांनी चढवलं, गावाने चढवलं, आणि मग मी सगळ्यांसमक्ष खाली ढकललं. तुम्ही तेव्हा ‘नाही’ का म्हणाला नाहीत ते मला अजून कळत नाही. कदाचित साडेतीन वर्षांच्या कैदेबद्दल कुणी विचारू नये म्हणून तुम्ही आम्हाला बोट देऊन टाकलीत. हा माझा अंदाज. चुकला असेल.

मी लगेच हे चावडीवर वाचायला निघालो होतो. पायात चपलाही घातल्या होत्या. कुशाबाई म्हणाली, “आदी त्यांना इचारा. मागल्या टायमाला इचारलं नव्हतं.”

म्हणून विचारतो. यंदा मंडळाने देखावा परत माझ्याकडे दिला आहे. तुम्हाला नको असेल तर कार्डावर ‘नको’ एवढंच लिहून पाठवा. राखी पौर्णिमेपर्यंत वाट बघतो. ‘नको’ आलं तर हॅरल्डचं पत्र तुमच्याकडे पाठवीन आणि मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

तुमचा
सावळाराम

लोणी
२६ ऑगस्ट २००१

गेणभाऊ,

‘नको’ आलं नाही. पोस्टमन सावकाश येतो म्हणून मी आणखी दोन दिवस थांबलो, मग कामाला लागलो.

तुम्हाला काय मांडलं आहे ते सांगतो, म्हणजे उद्या कुणी वेगळंच येऊन सांगायला नको. बोट नाही. बोट मी मोडली. थर्माकोलचे तुकडे केले आणि त्यातून धक्क्याचे दगड केले. मागे काळं कापड. पुढे स्ट्रेचरवर एक खलाशी, प्लास्टरचा, तोंडाला काजळी आणि एरंडेल. त्याच्याजवळ उकिडवा बसलेला शिपाई. त्याचं तोंड सावलीत ठेवलं आहे. डाव्या हातात पितळेची वाटी, उजव्या हातात फडकं. सगळ्या देखाव्यात हलतो तो फक्त उजवा हात. वाटीत जातो, वर येतो, नाकाकडून कानाकडे जातो, परत वाटीत. तीच वायपरची मोटार. नाहीतरी तिला तेवढंच येत होतं, मीच तिला भलत्या कामाला जुंपलं होतं. वर साठचा एक दिवा, निळ्या कागदाचा.

कॅसेट आहे, पण ह्या वेळी आवाज माझाच. हॅरल्डचं पत्र वाचलं आहे, आणि शेवटी हे: “पाच वर्षांपूर्वी ह्याच मांडवात, बोट दुपारी बुडाली असं सांगून एका माणसाला खोटं पाडलं. ते वाक्य मी लिहिलं होतं. बोट दुपारीच बुडाली. पण तिच्यावरची माणसं आपल्या गेणभाऊंच्या हाती आली तेव्हा रात्र होती. त्यांना मी विचारलं नाही.”

रेकॉर्ड करताना तिसऱ्यांदा जमलं.

पहिल्या दिवशी पोरं आली, म्हणाली, आजोबा, बोट कुठंय? मी म्हणालो, बुडाली. ती पाळण्याकडे गेली. मोठी माणसं उभी राहिली. टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला कळेना संपलं की नाही, कारण हात थांबतच नाही. स्पर्धेचे परीक्षक आले, चष्मा पुसत म्हणाले, ह्यात हलतं काय? मी म्हणालो, हात. त्यांनी लिहून घेतलं. नंबर येणार नाही.

गोरख तीन वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. मग दुकानात आला आणि म्हणाला, “काका, किल्ली द्या. घर झाडून ठिवतो.”

त्याने झाडलं, सारवलं, पाण्याचा माठ घासून पालथा घातला.

सावळाराम

लोणी
१ सप्टेंबर २००१, सकाळ

गेणभाऊ,

परवा दुपारी कार्ड आलं. पाच वर्षांत तुमच्याकडून आलेला पहिला कागद. तेजूने लिहिलं आहे, ‘आजोबा म्हणाले तसंच लिहिते, मधलं गाळलं नाही.’ आणि खाली:

“वाटी न्हवती. बुटाच्या पालिशच्या डबीचं झाकान व्हतं. साठचा दिवा लई झाला, कंदील एकच व्हता. आन गडी एक न्हवता, रांग व्हती.”

मी दुकानाच्या बाकावर बसून वाचलं, तुमच्या जागेवर. कुशाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे, वाटी कोण देईल लढाईत.

झाकण गोरखच्या घरी मिळालं. साठचा दिवा काढला, आमच्या गोठ्यातला कंदील लावला. पण रांग कुठून आणायची? प्लास्टरचा एक गडी वाळायला चार दिवस लागतात आणि हातात एक रात्र उरली होती. काल संध्याकाळी मी डोक्याला हात लावून बसलो होतो. गोरख म्हणाला, त्याला एवढं काय झालं. त्याने शर्ट काढला, माझ्या डब्यातलं काजळीचं तेल तोंडाला फासलं आणि त्या प्लास्टरच्या खलाशाशेजारी पोत्यावर जाऊन आडवा झाला. मग त्याचा भाऊ. मग मंडळाची बाकीची पोरं, एकेक करून, कुणी न सांगता. मांडव पुरला नाही, रांग रस्त्यावर आली, तुमच्या दारापर्यंत. सत्तावीस मी मोजले. ही मस्कऱ्या करणारी पोरं आहेत भाऊ, ह्यांना दोन मिनिटं गप्प बसवत नाही. तीन तास डोळे मिटून पडली. बायामाणसं रांगेच्या कडेने चालत पुढे कंदिलापर्यंत जात होती आणि परत येताना पदर सावरत पोरांच्या पायांना धक्का लागणार नाही असं बघत होती.

नऊ वाजता मी मोटारीला तेल दिलं, आता तिला माझी गरज नव्हती. मग मीही काजळी लावली आणि रांगेच्या शेवटी जाऊन पडलो, तुमच्या उंबऱ्याला डोकं टेकून. डोळे मिटले की मोटारीचा आवाज तेवढा ऐकू येतो. हात वर जातो, खाली येतो. पहिल्याचेच डोळे पुसतो, पुन्हा पहिल्याचेच. मोटार तिथवरच पोचते, ती काय रांग संपवणार.

आज संध्याकाळी विसर्जन आहे. हे पत्र पोस्टात टाकत नाही, सकाळच्या गाडीला कंडक्टरकडे देतो. उद्या रविवार. मी पहिल्या गाडीने शिनोलीला निघतो. झाकण खिशात आहे, किल्लीही आहे. मला पाहून तुम्ही खुरपं घेऊन रानात गेलात तरी ह्या वेळी चहाची वाट बघत बसणार नाही, मागोमाग येईन आणि बांधावर बसेन.

रांगेत माझा नंबर शेवटचा होता, भाऊ. तोंड धुतलेलं नाही अजून. पाणी लावलं नाही.

तुमचा
सावळा